देवाले नाही, तुले

मुआनीताई,

परवा नागपूरच्या चर्चमध्ये तुझ्या पेटीसमोर चार माणसं बोलली, आणि चौघांनीही तुला सैनिक म्हटलं. प्रभूची सैनिक. मी शेवटच्या बाकावर बसून विचार करत होते, ही कोणती बाई? मला माहीत असलेली बाई भिंतीवर पाल दिसली की माझ्या आईच्या मागे लपायची आणि वरून म्हणायची, "मी भीत नाही, मले ती आवडत नाही."

तुझा जन्म कुठला, शिक्षण किती, सेवा किती वर्षं, हे सगळं त्यांनी हिंदीत आणि इंग्रजीत नीट सांगितलं. ते मी पुन्हा लिहीत नाही. मला तुझ्याशी बोलायचं आहे. आपलं एक भांडण अर्धं राहिलंय. मी तुला सरळ प्रश्न विचारला होता आणि तू "सांगीन" म्हणाली होतीस. उत्तर न देता गेलीस. असं जायचं नसतं, ताई.

तू खाप्याला आमच्या दारात पहिल्यांदा उभी राहिलीस तेव्हा मी बारावीत होते. बाबांनी हातमाग विकून टाकला होता, घराच्या पुढची मागाची खोली रिकामी पडली होती, आणि तुला भाड्यानं जागा हवी होती. गल्लीत तुझ्या आधी तुझी बातमी आली होती, की कोणी चिनी बाई घर शोधून राहिली. आईनं तुला विचारलं, कोण्या देशाची वं तू? तू तुझ्या त्या तुटक हिंदीत सांगितलंस, भारताची, मिझोरमची. आईनं मिझोरम कधी ऐकलं नव्हतं. ती म्हणाली, असन, घरात ये, उन्हात काहून उभी.

घरात सुपात अंबाडीची जुडी पडली होती. तू न विचारता एक पान तोडून तोंडात टाकलंस, आंबट लागल्यावर डोळे मिटलेस आणि म्हणालीस, ही तर आमच्याकडे पण असते. तुझे डोळे भरून आले होते. आईनं भाड्याचं बोलणं बाजूला ठेवून आधी तुला जेवायला वाढलं. नंतर तू तुझ्या गावाहून आणलेली डुकराच्या आंबवलेल्या चरबीची बरणी उघडलीस तेव्हा तीच आई पदर नाकाला लावून अंगणात पळाली होती, तेही मला आठवतं.

कशासाठी आलीस ते तू लपवलं नाहीस. ओळख झाल्यावर लगेच सांगितलंस की इथे येशूची मंडळी उभी करायची आहे. बाबांनी ऐकून घेतलं. ते म्हणाले, "आमच्या घरात जबरदस्ती नाही. तुही आमच्यावर नाही, आमची तुह्यावर नाही. खोलीत काय करायचं ते कर." एवढाच करारनामा होता, आणि तो दोन्ही बाजूंनी शेवटपर्यंत पाळला गेला.

आईला उत्सुकता वेगळ्याच गोष्टीची होती. तुझं पोट कोण भरतं? तू सांगितलंस की तुमच्या डोंगरातल्या बाया प्रत्येक स्वयंपाकाआधी तांदळाची एक मूठ बाजूला काढतात. त्या मुठी चर्चमध्ये जमा होतात, विकल्या जातात, आणि त्यातून तुझ्यासारख्यांना दूर पाठवतात. आईनं कपाळाला हात लावला. दुसऱ्यांच्या मुठीवर परक्या मुलखात राहते ही पोरगी, असं ती रात्रभर म्हणत राहिली. दुसऱ्या दिवशी तिनं एक जुना पत्र्याचा डबा घासून पुसून घेतला, आणि भात टाकताना एक मूठ त्यात टाकली.

तू ते पाहिलंस आणि तुझा चेहरा फुलला. तुला वाटलं असणार, हे पहिलं फळ. तू मला म्हणालीस, आईला विचार, ही मूठ देवाच्या कामासाठी काढते का. मी विचारलं. आई चुलीकडे पाहतच बोलली.

"तिले सांग, हे तुह्या देवाले नाही वं, तुले. एखाद्या दिवशी उपाशी राहिली तर."

मी जसंच्या तसं सांगितलं. तुझा चेहरा पडला, मग तू हसलीस, मग पुन्हा पडला. काय वाटून घ्यावं ते तुला कळेना. आई मात्र डबा भरत राहिली. भरला की त्यातला तांदूळ तुझ्या खोलीत जायचा आणि रिकामा डबा परत यायचा.

असं आपलं सुरू झालं. मी तुझी दुभाषी झाले. रविवारी मागाच्या खोलीत चटया टाकून बाया बसायच्या. काही मागासाठी सुताच्या कांड्या भरून आयुष्य काढलेल्या, काही संत्र्याच्या बागांत मजुरीला जाणाऱ्या, आणि सगळ्यांत पुढे दुर्गाबाई, जिला ऐकू कमी यायचं आणि बोलायचं जास्त असायचं. तू हिंदीत बोलायचीस आणि मी ते खाप्याच्या बोलीत सांगायचे. माझा बाप्तिस्मा झालेला नव्हता, अजूनही नाही. म्हणजे तुझी मंडळी उभी राहिली ती अर्धी माझ्या तोंडानं. हे तुझ्या वरच्यांना कधी कळलं असतं तर त्यांनी डोक्याला हात लावला असता.

आणि मी जसंच्या तसं सांगायचे असंही नाही. तू हरवलेल्या मेंढराची गोष्ट सांगितलीस, बाकीची सोडून मेंढपाळ त्या एकाला शोधत जातो ती, तो रविवार आठव. आमच्या गल्लीत मेंढ्या पाहिल्या कोणी? बाया ढिम्म बसलेल्या. मी त्यांना म्हटलं, ताण्यात किती धागे असतात, मोजता येत नाहीत. त्यातला एक तुटला तर विणकर म्हणतो का, बाकीचे आहेत ना? तो धोटा ठेवतो, वाकतो, ते एक टोक शोधतो आणि सांधतो. तोवर माग थांबलेला असतो. सगळा माग एका धाग्यासाठी थांबतो. खोलीत एकदम शांत झालं. दुर्गाबाईलासुद्धा ऐकू आलं. तू मला नंतर संशयानं विचारलंस, मी तर एवढंसं बोलले, तू एवढं काय बोललीस? मी म्हटलं, मराठी भाषाच लांब आहे.

तुझं मराठी सुधारलं तेव्हा तू मला पकडलंस. आधी खूप चिडलीस, म्हणालीस, हे शास्त्रात नाही. मी म्हटलं, शास्त्रात खापा पण नाही. दोन दिवस बोलली नाहीस. मग एका रविवारी तू स्वतः उठून तीच धाग्याची गोष्ट सांगितलीस, माझ्यापेक्षा चांगली, आणि बोलताना माझ्याकडे पाहिलंस. त्या दिवसापासून ती तुझी झाली. मी तेव्हा काही बोलले नाही, पण मला फार बरं वाटलं होतं. आता सांगते.

तुझ्या हातून एकच मोठी चूक झाली आमच्या घरात. ती तू कोणाला सांगितली नसशील म्हणून मीच लिहिते.

आमचा माग खड्ड्याचा होता. विणकर जमिनीवर बसतो आणि पाय खड्ड्यात सोडतो, पायांनी दाबायच्या पावड्या खाली असतात. माग विकला तरी खड्डा होता तिथेच. तू रविवारची उपासना सुरू केलीस तेव्हा बाबा त्या खड्ड्यात पाय सोडून, भिंतीला टेकून बसायचे. तुला वाटायचं, हळूहळू ऐकायला लागले. मी तुला खरं सांगितलं होतं की बाबा तुझ्या प्रवचनाला बसत नाहीत. ते म्हणायचे, "मी माह्या जागेवर बसतो. तुम्ही लोकं येता."

मंडळी वाढली, जागा पुरेना. बाबा उमरेडला आत्याकडे लग्नाला गेले होते. तू आणि मंडळीतले पुरुष मिळून खड्डा बुजवला, वर गुळगुळीत फरशी बसवली. तुला वाटलं, काका खूश होतील, खोली सुधारली, कोणी पडायची भीती नाही. मी नागपूरला कॉलेजात होते, आई लग्नालाच गेलेली. अडवायला कोणी नव्हतं.

बाबा परत आले, खोलीच्या दारात उभे राहिले. चप्पल घातली आणि कन्हान नदीच्या काठाकडे चालते झाले. पुढच्या रविवारी ते मागच्या अंगणात बसले. त्याच्या पुढच्याही.

तुला कळेना की कोणाचं काय बिघडलं. मी शनिवारी घरी आल्यावर तू मला विचारलंस, माग तर विकला, मग खड्ड्याचं काय एवढं? मग बोलता बोलता मला समजलं. तुमच्याकडे बाया कमरेला पट्टा बांधून विणतात. काम झालं की माग गुंडाळायचा आणि खुंटीला टांगायचा. जिथे बाई जाईल तिथे तिचा माग जातो. तुझ्या लेखी माग गेला म्हणजे सगळं गेलं होतं, उरला होता तो नुसता खड्डा. मी तुला सांगितलं, ताई, लाकडं विकली गं. बाबांचा माग तो खड्डा होता. त्यांच्या बापानं खणलेला.

मला वाटलं तू रडशील, माफी मागशील, प्रार्थना करशील. तू शेजारून लोखंडी सब्बल मागून आणलीस. दुपारच्या उन्हात ती नवी फरशी तू स्वतः फोडलीस. मंडळीतले पुरुष येऊन म्हणू लागले, ताई, आता बसायचं कुठे, लोकं वाढून राहिले. तू म्हणालीस, दाटीनं बसा. तळहाताला फोड आले तरी थांबली नाहीस. बाबा अंगणातून आवाज ऐकत होते. शेवटी आत आले, तुझ्या हातातून सब्बल घेतली आणि म्हणाले, "तिरपी खणून राहिली तू. सरक." बाकीचा त्यांनी खणला.

नागपूरहून तुमचे कोणी मोठे पाहुणे पाहणीला आले तेव्हा बोलता बोलता मागे सरकले आणि त्यांचा एक पाय खड्ड्यात गेला. बाबांनी त्यांना हात दिला आणि म्हणाले, "या, या, इथं सगळे असेच येतात." तू तोंडावर ओढणी धरून बाहेर पळालीस. आपण दोघी न्हाणीच्या मागे पोट धरून हसलो होतो. असं हसायला आता माझ्याकडे कोणी नाही.

मी बी.ए. झाले. आमच्या दोन्हीकडच्या घराण्यात पहिली. तू मिशनकडून फी मिळवून देते म्हणाली होतीस आणि मी नाही म्हटलं होतं. नागपूरच्या लकडगंजात एका लाकडाच्या व्यापाऱ्याकडे सकाळी बिलं लिहायचे, दुपारी कॉलेज करायचे. तुला माझा राग आला होता. मी गर्विष्ठ आहे म्हणालीस. आहेच. पण खरं कारण वेगळं होतं. तुझ्या अहवालात माझं नाव जावं असं मला वाटत नव्हतं. अमुक मुलीला मदत केली, तिच्यासाठी प्रार्थना करा. मला ते नको होतं. मला तुझ्या घरचं माणूस व्हायचं होतं, तुझ्या अहवालातलं नाव नाही.

दर नाताळाला जेवण झालं की तू विचारायचीस, शीतल, कधी? मी म्हणायचे, बघू. तू पुढे रेटायची नाहीस, ताट उचलायला लागायचीस. मला बाप्तिस्म्याचं पाणी द्यावं असं तुला किती वाटायचं ते मला कळत होतं. ते वाटणं मला खुपायचं. आणि एखाद्या नाताळाला तू विचारलंच नसतंस तर तेही खुपलं असतं. माझं मलाच याचं कोडं आहे.

बाबा गेले तेव्हा तू आमच्यात येऊन बसलीस, आणि तेरवीपर्यंत रोज संध्याकाळी बसत राहिलीस. आमच्याकडे लोक येतात, बसतात, चार शब्द बोलून उठतात. तू उठायची नाहीस. तुमच्याकडे दुःखाच्या घरी संध्याकाळी गाव येऊन बसतं, गातं, त्या घराला एकटं सोडत नाही, असं तू सांगितलंस. गाव तर इथे नव्हतं, म्हणून तू एकटीच गाव झालीस. खड्ड्याच्या कडेला बसून तुझ्या भाषेत हळू आवाजात गायचीस. नातेवाईक कुजबुजले, की आता ही इथं धर्म घुसवून राहिली. आई त्यांना म्हणाली, तिले गाऊ द्या, मले झोप लागते. आणि ताई, तेवढ्या सगळ्या दिवसांत तू येशूचं एक अवाक्षर आम्हाला बोलली नाहीस. इतका मोका होता. दुःखातली माणसं मऊ असतात, हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत. मी लक्ष ठेवून होते. हो, ठेवून होते. तू बोलली नाहीस.

मग मागच्या वर्षीची ती तक्रार. बाई फूस लावून लोकांना बाटवते. कोणी केली ते आपल्याला माहीत होतं, त्याचं नाव मी इथे घेत नाही, त्याची आई अजून दुर्गाबाईजवळ मीठ मागायला येते. आपल्याला पोलीस ठाण्यात चौकशीला बोलावलं. साहेब काही वाईट माणूस नव्हता, त्याला लवकर जेवायला जायचं होतं. त्यानं मला विचारलं, तुमच्या घरात राहते, तुम्हाला काय आमिष दाखवलं? मी बी.ए. झालेली बाई, शाळेत शिकवते, मला राग आला.

"साहेब, ही बाई इतकी वर्षं माह्या घरात आहे. हिच्या प्रवचनाचं अर्धं मी स्वतःच्या तोंडानं सांगितलं. मलेच नाही बाटवू शकली ही, तर जबरदस्तीनं कोणाले बाटवन?"

साहेब हसला. शिपाई हसला. दाराबाहेर उभी दुर्गाबाई सगळ्यांत मोठ्यानं हसली, तिला कोणीतरी कानात ओरडून सांगितल्यावर. प्रकरण तिथेच मिटलं. तुझं सगळ्यात मोठं अपयश तुझ्या कामी आलं होतं, आणि ते अपयश म्हणजे मी होते.

तू हसली नाहीस. खोलीत आल्यावर म्हणालीस, "तू खरं बोलली. म्हणून तर दुखून राहिलं."

तेव्हा माझ्या तोंडून निघालं. किती वर्षं आत होतं कुणास ठाऊक. मी विचारलं, "मग एक सांग, ताई. मी तुही मैत्रीण का तुहं काम?"

तू उठून खिडकी लावलीस. मग म्हणालीस, "सांगीन."

त्यानंतर आपण रोज भेटलो. चहा प्यायलो, आईचे पाय चेपले, कूलरचा पंप बदलला, नाताळ झाला. त्या नाताळाला तू विचारलं नाहीस. "शीतल, कधी?" आलंच नाही. तू ताटं उचललीस, मी भांडी घासली, आणि मी वाट पाहत राहिले. तो नाताळ माझा सगळ्यात एकटा गेला. मला वाटलं, हेच उत्तर असेल. मी काम होते, आणि तू ते काम सोडून दिलंस.

मग ती कावीळ, ते दवाखाने. तुझ्या उशाशी मी बसले होते आणि मला वाटत होतं, आता तरी सांगशील. तू म्हणालीस, आईला सांग, अंबाडी करताना माझ्यासाठी ठेवू नको, मले गिळत नाही. एवढंच. त्यानंतर तू शुद्धीवर होतीस तेव्हा फक्त तुझ्या भाषेत बोलत होतीस, आणि ती भाषा मी शिकलेच नाही. इतकी वर्षं तू माझी शिकलीस. मला तुझी शिकायचं सुचलं नाही, आणि तूही कधी म्हणाली नाहीस.

परवाची सभा सांगते. तू पाहिली नाहीस ना. खाप्याच्या बाया एसटीनं आल्या, डोक्यावर पदर घेऊन माझ्या आजूबाजूला बसल्या. बोलणारे मधेच इंग्रजीत जात होते. दुर्गाबाईनं मला कोपर मारलं, सांग ना वं, काय म्हणून राहिले? म्हणून मी पुन्हा तुझी दुभाषी झाले, दुर्गाबाईच्या कानाशी तोंड नेऊन, शेवटच्या बाकावर. चौथे जे बोलले ते म्हणाले, मुआनीनं इथल्या विणकरांना तुटलेल्या धाग्याचा दाखला दिला, परक्या लोकांच्या हृदयात शिरण्याचं असं वरदान थोड्यांनाच असतं. लोक डोळे पुसत होते. दुर्गाबाई म्हणाली, काय म्हणाले? मी म्हटलं, ताईची धाग्याची गोष्ट सांगून राहिले.

ती गोष्ट कोणाची, हे जगात दोन माणसांना माहीत होतं. आता एकाला माहीत आहे. मला श्रेय नको होतं, ताई, देवाशपथ. पण तू पेटीत नसतीस आणि बाकावर माझ्या शेजारी असतीस, तर तू माझ्याकडे पाहिलं असतंस. ते तसं पाहणारं आता कोणी नाही. एकटं पडणं म्हणजे काय ते मला त्या बाकावर समजलं. आपल्याबद्दलचं खरं माहीत असणारं माणूस गेलं, की तेवढं आपलं खरंही त्याच्याबरोबर जातं.

तुझी धाकटी बहीण तुला न्यायला आली होती. दुसऱ्या दिवशीच्या विमानानं पेटी जायची होती. सगळे तिला म्हणत होते, आराम करा. ती मला शोधत शेवटच्या बाकापर्यंत आली आणि म्हणाली, खापा जाना है. मला वाटलं तुझं सामान पाहायचं असेल, किंवा मंडळीला भेटायचं असेल.

ती मागाच्या खोलीत आली, खड्डा पाहून थांबली, आणि त्याच्या कडेला चटईवर बसली. चहा नको म्हणाली. आई हात पुसत आली तेव्हा तिनं आईला शेजारी बसवलं, मला दुसऱ्या बाजूला बसवलं, आणि गायला लागली. हळू आवाजात, तुमच्या भाषेत. तेच गाणं होतं, बाबांच्या वेळचं. बहीण तिची मेलेली, पेटी तिची नागपुरात ठेवलेली, आणि ती आमच्या घरी दुःखाला बसायला आली होती. मी तिला म्हटलं, आम्ही तुमच्याकडे यायला पाहिजे, तुम्ही का आलात?

ती म्हणाली, "दीदी बोली थी। मेरे को कुछ हुआ तो हमारे घर में पूरा गाँव बैठने आएगा। उधर मेरा एक घर है, उसमें कौन बैठेगा? तू जाके बैठना।"

मी विचारलं, और मंडली?

ती म्हणाली, मंडळीसाठी मिशनवाले पास्टर पाठवतील, असं दीदी बोलली होती. मला फक्त या घरी पाठवलं.

हे तू मला दवाखान्यात सांगू शकली असतीस. एवढासाच शब्द होता. पण तुझा स्वभावच तसा, सांगायचं ते सब्बलीनं सांगणारी तू. असो. पोचलं.

निघताना आई स्वयंपाकघरातून तो पत्र्याचा डबा घेऊन आली. तू दवाखान्यात गेल्यापासून तांदूळ तुझ्या खोलीत गेला नव्हता, आणि आईनं मूठ काढायची थांबवली नव्हती, म्हणून डबा काठोकाठ भरलेला होता. तिनं तो तुझ्या बहिणीच्या मांडीवर ठेवला. "तुमच्या घरी लोकं बसाले येतीन," ती म्हणाली, "त्याहीले भात लागन."

मी भाषांतर करायला पुढे सरकले. गरज पडली नाही. तुझ्या बहिणीनं झाकण उघडलं, तांदळात हात घातला, मूठ भरून पाहिली आणि पुन्हा आत सोडली. तुमच्या डोंगरात वाढलेल्या पोरीला भरलेल्या डब्याचा अर्थ कोणी सांगायला लागत नाही. तिनं डबा ओढणीत बांधला आणि विमानात हातात धरून नेला. काल रात्री तिचा फोन आला, त्या तांदळाचा भात झाला, सगळ्यांना घास घास पुरला.

काल रविवारी मंडळीनं मला विचारलं, खोली आम्हाला राहील ना. मी म्हटलं, राहील, खड्डा बुजवायचा नाही, एवढंच. नागपूरहून नवे पास्टर आले होते. चांगले आहेत. मराठी अस्सल बोलतात, मधे कोणी लागत नाही. मी बाबांच्या जागेवर पाय खाली सोडून बसले. बाप्तिस्म्याचं माझं अजून बघूच आहे, ताई, तुला खोटं सांगणार नाही. आता "कधी?" म्हणून विचारणारंही कोणी नाही. दाटीनं बसलेल्या बायांच्या मधोमध मी एकटी होते, आणि खड्ड्यातला गारवा पायांना लागत होता.

आज सकाळी आईनं परवानंतर पहिल्यांदा भात टाकायला घेतला. तांदूळ मापला, सवयीनं एक मूठ बाजूला काढली आणि डबा घ्यायला वळली. फळीवर डब्याची गोल खूण तेवढी होती. ती मूठ मिटून तशीच उभी राहिली. तिला टाकूनही देता येईना आणि भातात परतही घालता येईना.

मी जवळ जाऊन ओंजळ पुढे केली. तिनं त्यात मूठ उघडली. हे कोणाले, असं ना तिनं विचारलं, ना मी.